शनिवारचा हरिश्चंद्रगड: तंबू कुठे लागणार?

बी-४०३ (काकू): सेक्रेटरी साहेब, मेसेजमध्ये "कोकणकड्यावर तंबूत मुक्काम" लिहिलंय. माझी नात येतेय, ११ वर्षांची. तंबू कड्यापासून किती आत?

सेक्रेटरी: काकू, सगळी व्यवस्था झालीये, निश्चिंत राहा. पैसे राहिलेल्यांनी उद्यापर्यंत द्यावेत 🙏

बी-४०३: व्यवस्था झाली ते वाचलं. कड्यापासून किती आत?

ए-१०१ (काका): पुन्हा सांगतो, खिरेश्वरने जा. माळशेजमार्गे बस सरळ खुबी फाट्याला. तोलार खिंडीतून चढल्याशिवाय गड चढलोसं वाटत नाही.

सी-२०२: काका, त्या वाटेवर खिंडीनंतर रेलिंगचा कातळटप्पा आहे. आपल्यासोबत ९ मुलं आहेत. घोटी-राजूर करून पाचनईला गेलो की अडीच-तीन तासांत वर.

ए-१०१: आम्ही रेलिंग नसताना चढलोय.

सी-२०२: तुम्ही चढलात हो काका, मुलांचं बोलतोय मी.

बी-३०१: एक विनंती. राजमाचीसारखा स्पीकर नको.

डी-५०४: वहिनी, नाव घेऊन बोला ना. ११ ला बंद केला होता.

बी-३०१: दीडला. आणि सकाळी बाटल्या आम्ही दोघींनी गोणीत भरल्या, तेव्हा तुम्ही झोपला होतात.

डी-५०४: बरं. तुमची गाडी माझ्या जागेत लागते, तेव्हा मी ग्रुपवर टाकतो का?

सेक्रेटरी: पार्किंगचं मीटिंगमध्ये 🙏

ए-३०२: पिठल्यात कांदा नसेल ना? आमच्या घरचे चौघे खात नाहीत.

ए-१०४: कांद्याशिवाय पिठलं? मग तुमच्या वाटणीचा ठेचा माझा 😄

बी-४०३: तिसऱ्यांदा विचारते. तंबू कड्यापासून किती आत?

सी-२०२: काकू, तुमचं बरोबर आहे. कड्याची कड आत वळलेली आहे, वर उभं राहून पायाखाली काय आहे ते दिसतच नाही. खालून वारा असा येतो की टाकलेला पाचोळा उलटा अंगावर येतो. मागच्या खेपेला आमचा रिकामा तंबू डोळ्यांदेखत लोळत निघाला होता, दोघांनी झडप घालून धरला. खडकात खुंट्या बसत नाहीत, दगड ठेवावे लागतात. रात्री झोपेत उठून बाहेर पडलेल्या पोराला कळणार कसं कुठे थांबायचं? मी तर म्हणतो मुक्काम गडावरच्या हरिश्चंद्रेश्वर मंदिराकडे करू. सूर्यास्त कड्यावर बघायचा, तोही आडवं पडून, आणि उजेडात परतायचं.

डी-५०४: मग कोकणकड्याचा मुक्काम म्हणून पैसे का घेतले?

बी-३०१: पोरांपेक्षा फोटो महत्त्वाचे का?

डी-५०४: माझाही मुलगा आहे त्यात, वहिनी.

सी-२०२: आणि शेकोटी नको. अभयारण्य आहे, डिसेंबरात गवत वाळलेलं असतं. कड्याला आग्यामोहोळं असतात, धूर गेला की उठतात.

सेक्रेटरी: पाचनईच्या वाटाड्याशी आत्ता बोललो. तोही मंदिराकडेच म्हणाला. तंबू तिकडे. शेकोटी, स्पीकर दोन्ही नाही. काकू, आधीच विचारायला हवं होतं, चुकलंच.

बी-४०३: आता जीव भांड्यात पडला. केदारेश्वराच्या गुहेत तिला उतरू देऊ नका, पाणी बर्फासारखं असतं, हिला लगेच कफ होतो. कानटोपी बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवतेय.

डी-५०४: काकू, तिला माझ्या मुलाबरोबर चालू दे. दोघांवर लक्ष ठेवतो.

ए-१०१: उतरताना तरी खिरेश्वर करा.