सातवीची सहल : उड्डाणाचं विज्ञान दाखवायला सोलापुरात कुठं न्यावं?

माळावरची_बाई
नमस्कार मंडळी. दक्षिण सोलापूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. आमच्या गावावरून आता विमान जातं, त्यामुळं आवाज आला की अख्खा वर्ग खिडकीशी. "बाई, एवढं जड वर कसं राहतं?" हा प्रश्न रोजचा. एका दिवसाची सहल काढायची आहे. केगावचं विज्ञान केंद्र डोक्यात आहे. आणखी काय? एसटी सांगणार, जेवण घरचंच, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. विमानतळात आत सोडतात का?

होटगी_रोडवाला
आत जायचं तर शाळेच्या लेटरहेडवर विमानतळ प्राधिकरणाकडं आधी पत्र द्या, मॅडम. नाही जमलं तरी उतरणारं विमान बाहेरच्या रस्त्यावरनं झकास दिसतं. गोव्याला जाणारं एटीआर पंख्याचं आहे, पोरांना पंखे फिरताना दिसतात.

निवृत्त_मास्तर
बाई, विज्ञान केंद्र जरूर करा, पण सकाळी वर्गात अर्धा तास काढल्याशिवाय बसमध्ये बसू नका. नाहीतर पोरं फक्त बटणं दाबून येतील.

टेबलफॅन घ्या आणि किराणा दुकानात असतो तसला छोटा डिजिटल काटा. काट्यावर मातीचा गोळा, त्यात उभी काडी, काडीच्या टोकाला आडवा पुठ्ठा. फॅनचा वारा समोरून. पुठ्ठा सपाट असेल तर काटा फारसा हलत नाही. पुढची कड थोडी वर करा, वजन कमी दाखवतो. आणखी तिरपा करत जा. एका मर्यादेपर्यंत उचल वाढते, मग पुठ्ठा थरथरतो आणि उचल ढासळते. विमानाच्या पंखाचं हे साधारण पंधरा अंशांच्या आसपास होतं, त्याला स्टॉल म्हणतात. इंजिन बंद पडणं वेगळं, हे वेगळं. पोरं दोन्हीची गल्लत करतात, आणि बातम्या देणारेही.

आता एक विनंती. "पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता, म्हणून ती पळत जाऊन खालच्या हवेला गाठते" ही गोष्ट सांगू नका. अनेक पुस्तकांत छापलेली आहे, तरी चूक आहे. दोन्ही हवांनी एकदमच पोचावं असा कुठलाही नियम नाही. उलट वरची हवा आधी पोचते. कागदी विमानाचा पंख दोन्हीकडून सपाट असतो, तरी ते तरंगतंच की. पंख हवेला खाली वळवतो, हवा पंखाला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम. वरच्या बाजूचा दाब कमी होतो हे खरंच, पण सातवीला सुरुवात न्यूटनपासून करा.

दुपारी हिप्परगा तलाव. हिवाळ्यात वारकरी, म्हणजे चांदवा हा काळा पाणपक्षी, पाण्यावर पाय आपटत धावत जाऊन मग उडतो. तीच त्याची धावपट्टी. आणि वर घार बघा : पंख न हलवता गोल गोल चढते, तापलेल्या माळावरची गरम हवा तिला उचलते. नान्नज अभयारण्यातला माळढोक पक्षी, त्याचा मोठा नर पंधरा किलोपर्यंत भरतो, तरी उडतो. पण आता तो दिसेल असं पोरांना कबूल करू नका. फार थोडे उरलेत.

होटगी_रोडवाला
मास्तर, कारखान्याच्या चिमणीचं पण सांगा की ओ!

निवृत्त_मास्तर
सांगतो, फक्त गणितापुरतं. वाद इथं नको. विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे 90 मीटरची चिमणी जून 2023 मध्ये पाडली. विमान साधारण तीन अंशांच्या उतारानं खाली येतं, म्हणजे 1 किलोमीटर पुढं सरकताना सुमारे 52 मीटर उतरतं. टेकण्याच्या जागेपासून 1700 मीटरवर ते जेमतेम चिमणीएवढ्या उंचीवर. हा त्रिकोण पोरांकडून वहीत काढून घ्या.

पिंकीची_आई
उन्हाळ्यात नका हो नेऊ. आमचं लेकरू मार्चच्या सहलीत उलट्या करून आलं.

निवृत्त_मास्तर
ताई बरोबर बोलल्या. आणि ऊन विमानालाही भारी पडतं. दाब तोच धरला तर 40 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा साधारण 8 टक्के विरळ. विरळ हवेत तेवढीच उचल मिळवायला जास्त वेग लागतो, म्हणून धावही लांबते. डिसेंबर-जानेवारी ठेवा. पतंगही शिकवता येईल : दोरी धरून ठेवते म्हणून वारा त्याला उचलतो. फक्त विमानतळाजवळ पतंग नको, आणि नायलॉन मांजा कुठंच नको.

माळावरची_बाई
मास्तर, काटा आमच्या गावच्या दुकानदारानं एका दिवसासाठी द्यायचं कबूल केलंय. जानेवारीचा पहिला आठवडा धरते. क्रम असा : शाळेत पुठ्ठा, मग केगाव, जेवण तिथंच, मग हिप्परगा, शेवटी होटगी रोड. विमानाच्या वेळेशी जुळेल का?

होटगी_रोडवाला
वेळापत्रक बदलत असतं. आदल्या संध्याकाळी बघून घ्या. विमान दुपारचं असेल तर हिप्परगा आधी उरकू नका, सरळ उलटा क्रम लावा. पाखरं संध्याकाळीही असतात तिथं.

पिंकीची_आई
आणि बसमध्ये लिंबू ठेवा.