मदत हवी आहे: स्प्रिंग ब्रेकला पैसे भरून श्रमदान, जावं की नको?

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत ओहायोत एमएस करतोय, पहिलं वर्ष, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसा. मार्चमध्ये आठवडाभर स्प्रिंग ब्रेक आहे. रूममेट फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर चाललेत, मला त्यात रस नाही (आणि खिसाही परवानगी देत नाही). कॉलेजात 'ऑल्टरनेटिव्ह ब्रेक' नावाचा प्रकार आहे. दहा-बारा पोरं व्हॅनने जातात आणि सुट्टीभर कुठेतरी राबतात. दारू पूर्ण बंद.

समोर दोन पर्याय आहेत. एक कॉलेजचाच, न्यू ऑर्लिन्सला हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या गरजू कुटुंबांसाठी घरं बांधणाऱ्या संस्थेच्या साइटवर राबायचं, सगळं धरून ३५० डॉलर. दुसरा एका खासगी कंपनीचा, ग्वाटेमालात अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं, १९०० डॉलर, विमानाचे वेगळे. लॅबमधली मैत्रीण या दुसऱ्या पर्यायाकडे ओढतेय. फोटो खरंच सुंदर आहेत.

घरी सांगितलं. बाबा सांगलीत बांधकामाची कंत्राटं घेतात. म्हणाले, "गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला मी हजेरी देतो. तू उलटे पैसे देऊन विटा उचलणार?" मला उत्तर सुचलं नाही, कारण माझ्याही मनात तेच आहे. मला धड खिळा ठोकता येत नाही. असल्या बारा जणांनी आठवडाभर लुडबुड करून कुणाचं घर उभं राहतं, की आम्हालाच बरं वाटावं म्हणून हा खटाटोप?

शिवाय व्हिसावर हे 'काम' धरतात का? आणि मी शाकाहारी आहे, हाल होतील का? शुक्रवारपर्यंत पैसे भरायचेत.

कोयनाकाठ:
व्हिसाचं आधी. बिनपगारी, आणि एरवी पगार देऊन करून घेतात तसलं काम नसेल तर एफ-१ वर स्वयंसेवा चालते. तरी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसला मेल टाकून लेखी उत्तर घे. देशातल्या देशात जातानाही पासपोर्ट आणि आय-२० (कॉलेजने व्हिसासाठी दिलेला कागद) जवळ ठेव. ग्वाटेमालाला जायचं तर आय-२० वर प्रवासाची सही लागेल आणि परत येताना व्हिसाची मुदत शिल्लक हवी. एका आठवड्यासाठी मी हा व्याप केला नसता.

ओळंबा:
बाबांना पहिली गोष्ट सांग, तिथे विटा नाहीत. लाकडी सांगाड्याची घरं असतात, म्हणजे गवंडीकाम नाही, सुतारकाम. कंत्राटदार माणूस आहेत, यावर नक्की बोलतील.

मी २००६ च्या मार्चमध्ये न्यू ऑर्लिन्सला गेलो होतो. आदल्या ऑगस्टमध्ये कतरिना चक्रीवादळ आलं, बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्यात गेला. आम्ही काही बांधलं नाही, घरं सोलली. भिजून बुरशी धरलेले भिंतींचे जिप्सम बोर्ड, गाद्या, लोकांचे लग्नाचे अल्बम, सगळं फावड्याने काढून रस्त्यावर. फ्रिज उघडायचा नाही हा पहिला नियम. चिकटपट्टीने गुंडाळायचा आणि तसाच बाहेर न्यायचा. आमच्यातल्या एकाला कुतूहल आवरलं नाही. तो दिवसभर जेवला नाही, आणि आम्हीही.

या कामाला कौशल्य लागत नव्हतं, माणसं लागत होती. म्हणून आम्ही उपयोगी पडलो. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा तिथल्या अप्पर नाइन्थ वॉर्डात म्युझिशियन्स व्हिलेज ही हॅबिटॅटची वसाहत उभी राहत होती. तिथे मात्र तू म्हणतोस तसंच झालं. पहिल्या दिवशी आम्ही मारलेल्या फळ्या साइटवरच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी आमच्याकडूनच उखडवून घेतल्या. गुरुवारपर्यंत सरळ बसायला लागल्या. शेजारी घरमालकीण स्वतः रंग देत होती. हॅबिटॅटमध्ये घर फुकट मिळत नाही. कुटुंबाला ठरलेले तास स्वतः राबावं लागतं आणि पुढे कर्जाचे हप्तेही भरायचे असतात.

३५० मध्ये पेट्रोल, जेवण आणि कुठल्यातरी चर्चच्या हॉलची फरशी येते. मजुरी विकत घेत नाहीयेस, स्वतःचा खर्च स्वतः उचलतोयस. जा.

हिरवी मिरची:
न्यू ऑर्लिन्सला रेड बीन्स अँड राइस समोर येईल. थेट राजमा-भात दिसतो. त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं, विचारल्याशिवाय खाऊ नकोस. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी ने. फॉर्ममध्ये 'शाकाहारी' लिहून भागत नाही, 'मासेही नाही' असं लिही.

सुधाताई_पुणे:
मी बालगृहात आठ वर्षं काम केलं, म्हणून त्या दुसऱ्या सहलीबद्दल बोलते. जाऊ नकोस. दर आठवड्याला नवे दादा-ताई येतात, कडेवर घेतात, फोटो काढतात आणि शनिवारी निघून जातात. रविवारी मुलं काय करतात ते आम्ही पाहिलंय. शिवाय परदेशी पाहुण्यांवर चालणाऱ्या अशा 'अनाथाश्रमां'तल्या बऱ्याच मुलांचे आई किंवा वडील जिवंत असतात. पाहुण्यांचा पैसा येतो, म्हणून मुलं तिथे ठेवली जातात. आणि बाळा, पाच दिवसांत इंग्रजी कुणाला येतं रे?

चांदागडी:
आमच्याकडे सोमनाथला (ता. मूल) बाबा आमट्यांनी सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी असते, १५ ते २२ मे. चंद्रपूरचा मे म्हणजे काय ते येऊन बघा. सकाळी कुदळ-फावडं, मग व्याख्यानं, चर्चा, गाणी. मी गेलो तेव्हा आम्ही खोदलेला चर पुढच्या पावसात गाळाने भरला असेल, खात्रीने. पण त्या आठवड्यात भेटलेल्या एकीमुळे मी शेतीकडे वळलो आणि वीस वर्षं तेच करतोय. तुझ्या त्या ट्रिपला रात्री गोल करून चर्चेला बसवतात ना, तिथे झोपू नकोस.

बांधावरून:
मूळ धागाकर्ता सांगलीचा आहे म्हणून विचारतो. २०१९ चा महापूर आठवतो का? तेव्हा चिखल उपसायला जे आले, ते काय गवंडी होते?

धागाकर्ता:
आठवतो. अकरावीत होतो. गावभागात मावशीच्या घरात कंबरेएवढा गाळ होता. बाहेरगावची चार कॉलेजची मुलं आली, दोन दिवस बादल्या भरभरून बाहेर काढल्या, चहा घेतला आणि गेली. त्यांची नावंसुद्धा आम्ही विचारली नाहीत.

काल बाबांना हे आणि ओळंबाकाकांचा फ्रिज, दोन्ही सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंयस का?" घेतलं नव्हतं, उद्या घेतोय. मैत्रिणीला सुधाताईंचं उत्तर वाचून दाखवलं, ती विचार करतेय.

न्यू ऑर्लिन्सचे पैसे भरले. आता एकच, लोखंडी टोकाचे बूट नवे फार महाग आहेत. कोलंबसच्या आसपास कुणाकडे जुने पडून असतील तर कळवा. माप ९.