‘डिप्लोरेबल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न
एका इंग्रजी अहवालाचे भाषांतर करताना ‘डिप्लोरेबल’ हे विशेषण मला एकाच पानावर दोनदा आढळले, एकदा तुरुंगातील कोठड्यांच्या अवस्थेबद्दल आणि एकदा तेथील अधिकाऱ्यांच्या वर्तनाबद्दल. शब्दकोशात ‘शोचनीय’ आणि ‘निंदनीय’ असे दोन्ही अर्थ आहेत. कोणता कुठे घ्यावा, हे कशावरून ठरवावे?

उत्तर
या शब्दाच्या मुळाशी रडणे या अर्थाचे ‘प्लोरारे’ हे लॅटिन क्रियापद आहे. आपला ‘शोचनीय’ही शोक करणे या अर्थाच्या ‘शुच्’ धातूपासून आलेला असल्यामुळे कोठड्यांसाठी तो चपखल बसतो. मात्र ‘शोचनीय वर्तन’ लिहिल्यास वाचकाला अधिकाऱ्यांचीच कीव येईल. तेथे ‘निंदनीय’ घ्यावे.

उत्तर
‘निंदनीय’बद्दल मी साशंक आहे, कारण या शब्दाची धार ठिकाणाप्रमाणे बदलते. हिलरी क्लिंटन यांनी ९ सप्टेंबर २०१६ रोजी न्यूयॉर्कमधील भाषणात ट्रम्प यांच्या निम्म्या समर्थकांना ‘डिप्लोरेबल्स’च्या टोपलीत घातले, तेव्हा विशेषणाचे नाम झाले आणि ठपका वर्तनावरून थेट माणसांवर आला. (दुसऱ्या दिवशी त्यांनी खेद व्यक्त केला, तो ‘निम्मे’ म्हटल्याबद्दल!) याउलट राजनैतिक भाषेत ‘डिप्लोर’ हे क्रियापद ‘कन्डेम’पेक्षा एक पायरी खालचे मानले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २ मार्च २०२२ रोजी १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत केलेल्या, आणि भारतासह ३५ देश तटस्थ राहिलेल्या ठरावात युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणासाठी, ‘अत्यंत कठोर शब्दांत’ अशी जोड देऊन का होईना, ‘डिप्लोर’ वापरले आहे, तर रशियाने अण्वस्त्रदलांची सज्जता वाढवल्याबद्दल त्याच ठरावाच्या प्रास्ताविकात ‘कन्डेम’ आहे. मराठीत दोन्हीकडे ‘निषेध’ लिहिला, की ही पायरी पुसली जाते. ‘डिप्लोर’साठी मी ‘तीव्र नापसंती’ लिहितो, जरी ते थोडे सरकारी वाटते.

प्रश्नकर्ता
याच अहवालात पुढे कैद्यांना झालेल्या मारहाणीला ‘रेप्रिहेन्सिबल’ म्हटले आहे, तेव्हा ‘निंदनीय’ त्यासाठी राखून ठेवावा लागेल. मग अधिकाऱ्यांच्या वर्तनाला ‘खेदजनक’ म्हणावे का?

उत्तर
‘खेदजनक’ फारच मवाळ आहे. सभा रद्द झाली तरी आपण तेच म्हणतो. ‘लाजिरवाणे’ वापरून पाहावे. त्यात कीव नाही, दोष आहे, आणि तो ‘निंदनीय’इतका टोकाचाही नाही.