सुरुवात न्यू फॉरेस्टपासून करावी
इंग्लंडमध्ये पहिल्यांदाच ग्रॅव्हल सायकल (खडी-मातीच्या वाटांवर चालवायची सायकल) चालवणाऱ्यांनी कुठून सुरुवात करावी, या प्रश्नावर साऊथ डाउन्स वे हा दक्षिण इंग्लंडच्या टेकड्यांवरून जाणारा लांब पल्ल्याचा मार्ग सुचवला गेला आहे. मार्ग देखणा आहे यात वाद नाही. परंतु विंचेस्टर ते ईस्टबोर्न या सुमारे १६० किलोमीटरच्या पल्ल्यात खडूच्या टेकड्यांचे चढ एकामागून एक येतात आणि पाऊस पडला की तोच पांढरा खडू साबणासारखा निसरडा होतो, म्हणून नवख्यांनी हॅम्पशायरमधील न्यू फॉरेस्टपासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. ब्रॉकनहर्स्ट स्थानकावर उतरले की थोड्याच अंतरावर ओक आणि बीचच्या झाडीतले खडीचे रस्ते लागतात. त्यांतही १९६४ मध्ये बंद झालेल्या जुन्या लोहमार्गाचा, बर्लीच्या दिशेने जाणारा पट्टा मला विशेष प्रिय आहे. तो जवळजवळ सपाट आहे, आजूबाजूला हेदर या ठेंगण्या फुलझुडपांचे माळ पसरलेले आहेत आणि मोकळी चरणारी तट्टे कित्येकदा वाटेच्या मधोमध उभी असतात. तेव्हा वेग कमी करून त्यांच्यापासून अंतर राखून जावे.

परवानगीची बाब मात्र आधीच पाहून ठेवावी. न्यू फॉरेस्टच्या वनक्षेत्रात सायकलसाठी खुणा केलेल्या मार्गांवरूनच जाता येते. इतरत्र पिवळ्या बाणाची पायवाट पादचाऱ्यांसाठी असते, तर निळ्या बाणाच्या ब्रिडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांनाही खुल्या असलेल्या वाटेवर, १९६८ च्या कायद्याने सायकलला मुभा दिली आहे, तीही पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट देण्याच्या अटीवर. पुढे डाउन्सवर जायचे झाल्यास किमान ४० मिलिमीटर रुंदीचे ट्यूबलेस टायर घ्यावेत, कारण तिथल्या चकमकीच्या दगडांचे धारदार तुकडे साध्या टायरला सहज चिरतात.