ईसीएच पुढे खराच येतो की!

'स्टार ट्रेक: व्हॉयेजर' या अंतराळ-मालिकेचा 'टिंकर टेनर डॉक्टर स्पाय' हा भाग धमाल आहे, पण त्यातल्या डॉक्टरची (जहाजावरचा होलोग्राम डॉक्टर) दिवास्वप्नं निव्वळ टाइमपास, पुढे मालिकेला त्यांचा उपयोग शून्य, असं कुणीतरी म्हटलंय. धमालबद्दल वादच नाही. व्हल्कन अधिकारी तुवॉकला 'पॉन फार'चा (व्हल्कनांच्या मिलनाच्या उन्मादाचा) झटका येतो आणि डॉक्टर ऑपेराच्या चालीवर त्याचंच वर्णन गात सुटतो, तिथे मी दर वेळी फुटतो. उपयोग शून्य हे मात्र पटलं नाही.

त्या स्वप्नातला इमर्जन्सी कमांड होलोग्राम (ईसीएच), म्हणजे कॅप्टनची जागा घेणारा डॉक्टर, आठवा. गणवेश निळ्याचा लाल होतो आणि कॉलरवर कॅप्टनचे चार ठिपके एकेक करून उमटतात. (डॉक्टर साकारणाऱ्या रॉबर्ट पिकार्डोचा तेव्हाचा चेहरा!) शेवटी कॅप्टन जेनवे त्या प्रस्तावाचा विचार करायला तयार होते आणि सातव्या सीझनच्या 'वर्कफोर्स'मध्ये, म्हणजे २००१ साली, ईसीएच प्रत्यक्षात येतो. बहुतेक सगळे कर्मचारी परग्रहावर, स्मृती पुसलेल्या अवस्थेत, आणि हा पठ्ठ्या एकटा जहाज सांभाळतो, लढतोसुद्धा. आधीच्या भागात शत्रूला घाबरवायला मारलेली फोटॉनिक कॅननची (नसलेल्या तोफेची) थाप तेवढी थापच राहिली. दोन्ही लागोपाठ बघा, 'वर्कफोर्स'मधला त्याचा रुबाब जास्त मजेशीर वाटतो.