अंदमानची सहल: सर्व आरक्षणे स्वतंत्र करावीत की पॅकेज घ्यावे?

मूळ मत (पुणे)
येत्या जानेवारीत आई-वडील व मुलीसह अंदमानला जायचे आहे. चार पॅकेजे बारकाईने वाचल्यावर विमान, हॉटेल आणि बोट यांचे आरक्षण स्वतंत्रपणे करणेच योग्य, असे माझे मत झाले आहे. पॅकेजच्या पत्रकात हॉटेलच्या नावापुढे ‘किंवा त्याच दर्जाचे’ असे शब्द असतात. गेल्या वर्षी केरळमध्ये त्याच शब्दांचा आधार घेऊन आम्हाला गावाबाहेरच्या, लिफ्ट नसलेल्या हॉटेलात तिसऱ्या मजल्यावर उतरवले गेले, आणि वडिलांचे गुडघे दुखत असल्याने ते दोन दिवस खोलीबाहेर पडू शकले नाहीत. शिवाय सेल्युलर जेलसाठी या पॅकेजांत पहिल्याच दिवशीची दुपार ठेवलेली आहे. सावरकरांनी 1911 ते 1921 या काळात जिथे कारावास भोगला, तिथे वडिलांना घाई न करता बसायचे आहे. प्रवासाने थकलेल्या अवस्थेत ते होणार नाही.

प्रतिसाद 1 (ठाणे)
मी असहमत आहे. केरळमध्ये गाडी चुकली तर दुसरी मिळते. अंदमानात मात्र सगळी सहल बोटीवर अवलंबून असते. डिसेंबर 2016 मध्ये वादळी हवामानामुळे बोटी बंद पडून हॅवलॉकवर (आताचे स्वराज द्वीप) शेकडो पर्यटक अडकले आणि त्यांना बाहेर काढण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली. आमच्या सहलीत वादळ नव्हते, फक्त समुद्र खवळला होता, तरीही नील बेटाची (शहीद द्वीप) बोट रद्द झाली. सहल कंपनीच्या स्थानिक माणसाने दुपारच्या बोटीची तिकिटे आणि पुढच्या हॉटेलाशी बोलणे, दोन्ही तासाभरात उरकले. शेजारच्या खोलीतील कुटुंबाने सर्व आरक्षणे स्वतः केली होती. त्यांचा दिवस फोनवर गेला आणि नीलच्या हॉटेलचे पैसेही परत मिळाले नाहीत.

प्रतिसाद 2 (नागपूर)
2016 चे उदाहरण पॅकेजच्या बाजूने तितकेसे जात नाही. बहुतेक करारांत नैसर्गिक आपत्तीमुळे वाढलेल्या मुक्कामाचा खर्च प्रवाशाने सोसावा, असे कलम असते. पॅकेजचा खरा लाभ मला वेगळा वाटतो: जबाबदार पक्ष एकच असतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. पण आरक्षणे स्वतंत्र असतील तर विमान कंपनी, संकेतस्थळ, हॉटेल आणि बोटवाला एकमेकांकडे बोट दाखवतात, आणि नुकसान नेमके कोणामुळे झाले हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते.

प्रतिसाद 3 (कोल्हापूर)
मी मूळ लेखकाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. पुणे-चेन्नई आणि चेन्नई-पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) ही तिकिटे वेगवेगळ्या कंपन्यांची घेऊन थोडे पैसे वाचवण्याचा मोह टाळावा. पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी आपण ‘नो शो’ (न आलेला प्रवासी) ठरतो आणि तिकीट बुडते. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) असतील, तर पुढच्या विमानाची सोय करणे कंपनीवर येते.

मूळ लेखक
ही अट मान्य. ठाण्याच्या प्रतिसादामुळे मी आणखी एक बदल करत आहे: विमान आणि पोर्ट ब्लेअरमधील मुक्काम स्वतः ठरवीन, बेटांचा भाग तिथल्याच एखाद्या सहल संस्थेकडे देईन आणि परतीच्या आदली रात्र हॅवलॉकवर न घालवता पोर्ट ब्लेअरमध्ये काढीन, म्हणजे बोट रद्द झाली तरी विमान चुकणार नाही.

प्रतिसाद 1 (ठाणे)
शेवटच्या रात्रीची योजना उत्तम आहे. मात्र बोट रद्द झाल्यास पुढच्या बोटीची तिकिटे कोणी काढायची आणि वाढीव मुक्कामाचे पैसे कोणी द्यायचे, हे त्या संस्थेकडून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लेखी घ्या. ज्येष्ठांना घेऊन जायचे असेल तर मी अजूनही पूर्ण पॅकेजच घेईन. हॉटेल बदलायचे झाल्यास लिफ्ट असलेलेच द्यावे, एवढे मात्र करारात लिहून घेईन.