सल्ला हवा: आठवी ते दहावीच्या मुलांना जुनं आणि नवं साहित्य शेजारी ठेवून वाचायला कसं शिकवावं? (ठाणे)

घोडबंदरवाली
नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी सकाळी मुलांचा वाचनकट्टा भरतो. मुलं आठवी ते दहावीची, निम्मी इंग्रजी माध्यमाची. मराठी बोलतात झकास, पण छापील पान पुढ्यात आलं की तोंडं वाकडी. यंदा जुनं-नवं एकत्र वाचायचं ठरवलंय. अडचण अशी की 'तुलना करा' म्हटलं की सगळे वहीत मधोमध उभी रेघ मारतात. डावीकडे 'भाषा अवघड', उजवीकडे 'भाषा सोपी'. झाली तुलना! कुठल्या जोड्या घ्याव्यात? अख्खी कादंबरी कुणी वाचणार नाही, क्लासेसमधून वेळच उरत नाही.

निवृत्त बाई, नौपाडा
जोडी विषयावरून लावू नका, गोष्ट कोण सांगतंय त्यावरून लावा. 'आई' या विषयावर दोन उतारे दिलेत तर मुलं निबंधच पाडणार.

'श्यामची आई' आणि प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' घ्या. पहिलं साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, दुसरं १९९४चं. दोन्हीकडे लहानपण, दोन्हीकडे 'मी'. पण श्याम मोठा झालाय. आश्रमातल्या सोबत्यांना तो रात्री एकेक आठवण सांगतो आणि तिचा अर्थ त्याला आधीच ठाऊक असतो. 'वनवास'मधला लंपन अजून शाळकरी. आजी-आजोबांकडे राहतो, येता-जाता 'मॅड' म्हणतो, आणि मैत्रीण सुमीबद्दल आपल्याला नेमकं काय वाटतं हे त्याचं त्यालाच उमगलेलं नाही. वाचणाऱ्याला मात्र उमगतं.

दोघांचं एकेक पानच घ्या. मोठ्यानं वाचायचं, तेही मुलांनी. मग पेन्सिलीनं दोनच प्रकारच्या खुणा करायला सांगा: मुलगा बोलतोय असं वाटतं तिथं टिंब, मोठं माणूस बोलतंय असं वाटतं तिथं फुली. आंघोळीनंतर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून श्याम आईला लुगडं पसरायला लावतो, तो प्रसंग घ्या. हट्टावर टिंबं पडतात. आई 'पायाला जपतोस तसा मनालाही जप' या अर्थाचं बोलते, तिथून फुल्यांची रांग लागते. मग एकच प्रश्न: हाच प्रसंग लंपननं सांगितला असता तर काय गळलं असतं? उत्तर लिहूनच मागा. तुमची ती उभी रेघ आपोआप विसरतील.

'जुनं म्हणजे उपदेश' असं कुणी म्हणालंच, तर हरिभाऊ आपट्यांची यमू बाहेर काढा. 'पण लक्षात कोण घेतो' ही तिचीच कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली, श्यामच्या चाळीसेक वर्षं आधी. सुरुवातीची भावंडांच्या भांडणांची पानं वाचायला द्या. ही 'मी' म्हणणारी मुलगी एका पुरुषानं लिहिलीय, हे वाचून झाल्यावरच सांगा. लगेच दोन तट पडतात.

वाशीकर
बाईंना नमस्कार. माझं मत नाटकाला. तुमच्या मुलांनी गडकरी रंगायतन शंभरदा पाहिलं असेल, पण गडकरी कोण ते सांगता येणार नाही. (आमच्या भावे नाट्यगृहाचीही तीच गत.) गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९चं, तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७चं. पहिल्यातली सिंधू दारुड्या नवऱ्यापायी सोसते आणि सगळं घर ते बघतं. दुसऱ्यातली बेणारे शेवटी भरभरून बोलते, पण तेव्हा रंगमंचावरचे बाकीचे थिजलेले असतात, कुणाला काही ऐकूच जात नाही. मग सिंधूचं गप्प राहणं आणि बेणारेचं बोलणं यात फरक किती पडला? यावर पोरं तासभर भांडतील.

दोन मुलींचा बाबा, कोपरखैरणे
वाशीकर, बेणारेवर आरोप भ्रूणहत्येचा आहे. आठवीच्या मुलांपुढे, तेही सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये? पालकांचा फोन आलाच समजा.

वाशीकर
फोनवर त्याहून काय काय बघतात ती मुलं! बरं, आठवी-नववीला नको. दहावीच्या मुलांचा वेगळा गट करा आणि घरी आधी सांगून ठेवा. पण सिंधू एकटी देऊ नका, मुलं नुसती चिडतात आणि विषय तिथंच संपतो.

पुस्तकी किडा, चरई
एखाद्या रविवारी वेळ कमी असेल तर कविता. केशवसुतांची 'तुतारी' (१८९३) आणि नारायण सुर्व्यांची 'माझे विद्यापीठ' (१९६६चा संग्रह). दोघंही बंडखोर, पण एकाला तुतारी कुणीतरी आणून द्यायला हवी, दुसऱ्याला कुणाकडून काहीच मिळालेलं नाही. एवढं धरून बोललात तरी पुष्कळ.

पुस्तकांसाठी ठाण्याबाहेर जायची गरज नाही. मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं आणि नगर वाचन मंदिर १८५०चं, दोन्ही आपल्या गावातच. मुलांना एकदा तिथं घेऊन जा, कपाटातून पुस्तक त्यांनाच शोधू दे. केशवसुत, हरिभाऊ, गडकरी यांच्यावर आता स्वामित्वहक्क नाही, त्यांच्या पानांच्या झेरॉक्स बिनधास्त काढा. प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' मात्र विकत घ्या.

घोडबंदरवाली
वा, खूप मिळालं! टिंब-फुली येत्या रविवारीच करते. नाटकाचं दहावीच्या पालकांशी बोलून ठरवेन, बाबांचं म्हणणं अगदीच चूक नाही. बाई, एक विचारू? आधी श्याम वाचायचा की लंपन? सालाप्रमाणे श्यामच आधी यायला हवा ना?

निवृत्त बाई, नौपाडा
साल फळ्यावर लिहा, वाचा मात्र लंपन आधी. श्यामचं नाव काढलं की मुलं हाताची घडी घालून बसतात, शाळेची सवय. लंपनच्या पानावर हसू आलं की पुढचं सोपं जातं. आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलांना शेवटी नाही, पहिल्यांदा वाचायला द्या, अडखळली तरी मध्ये बोलू नका. 'वनवास' मिळालं नाही तर 'शारदा संगीत' किंवा 'पंखा' यांतली कुठलीही कथा चालेल, लंपन तोच आहे.